विसण

शालनमावशी खबाल्यांनी बाळाच्या अंघोळीचं पाणी आयुष्यात कधी यंत्रानं मोजलं नाही. हात कोपरापर्यंत बादलीत घालायचा, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "आणा विसण." तांब्याभर थंड पाणी ओतलं की पुन्हा हात घालायचा. दुसऱ्यांदा विसण मागायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नसे. कराडच्या सोमवार पेठेत बाळ-बाळंतिणीच्या अंगाला लावणाऱ्या बायका एके काळी सहा-सात होत्या, पण डॉक्टरणीसुद्धा चिठ्ठीवर नाव लिहून द्यायच्या ते शालनमावशींचंच. काम सासूकडून आलेलं. सासू गेली तेव्हा मावशी तिशीच्या आतच होत्या, आणि तेव्हापासून त्यांनी कुणाकडून सल्ला म्हणून घेतला नव्हता.

मग पोरंच कमी झाली. कुणी म्हणायचं दोष हवेत आहे, कुणी म्हणायचं खाण्यात, तर कुणी म्हणायचं आजकालच्या जोडप्यांच्या डोक्यात. कारण काही का असेना, पूर्वी एकाच सकाळी चार घरांतून ओव्याची धुरी निघायची त्या पेठेत आता वर्षाला चार पाळणे हलले तरी बोलणं व्हायचं. साठी उलटलेल्या शालनमावशी घरात बसून नवऱ्याचे गुडघे चोळायच्या. आनंदराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, तोंडानं पहिल्यापासून तिखट. ते म्हणायचे, दोन हजार पोरांवरनं फिरलेला हात माझ्या गुडघ्यावर चालवतीस, आता मी बी रांगायला लागणार बघ. मावशी हसायच्या, पण रिकाम्या हातांचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

त्यांची एकुलती एक लेक प्रांजल पुण्याला असे. लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहून गेले होते, आणि आता तिसऱ्यांदा राहिले होते. बाळंतपणाला ती कराडलाच येणार होती. दुसऱ्यांची दोन हजार पोरं न्हाऊ घातली, आता आपल्या लेकीचं एक या पायांवर यावं, एवढंच मावशींचं देवाकडे मागणं होतं. प्रांजलला तिसरा महिना लागला आणि त्याच आठवड्यात ऋजुता बेहेरे त्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

ऋजुता कराडचीच. तिलाही मावशींनीच न्हाऊ घातलं होतं, पण त्याला आता तेहतीस वर्षं झाली होती. ती कलाकार होती म्हणे, पण तिची चित्रं भिंतीवर टांगता येत नसत. मागच्या वर्षी तिनं पुण्यात एक नदी केली होती. कोरडी खोली, आत काहीच नाही, पण हातापायांना तिचे विजेचे पट्टे बांधून आत गेलेला माणूस गुडघाभर गार पाण्यात उभा राही आणि नकळत कपडे वर ओढून धरी. तिचा एकच ध्यास होता. अमुक इथं आहे आणि अमुक इथं नाही, ही हद्द शरीर नेमकी कुठं आखतं, ते तिला शोधायचं होतं. आता तिला नवजात बाळ करायचं होतं. ज्यांच्या घरी पाळणा हललाच नाही असे हजारो लोक होते; त्यांनी दहा मिनिटं पाटावर बसावं, पाय पसरावेत आणि पायांवर बाळ घेऊन न्हाऊ घालावं. त्यासाठी तिला शालनमावशींचे हात हवे होते.

"आणि बाळ कुणाचं?" मावशींनी विचारलं.

"कुणाचंच नाही," ऋजुता म्हणाली. "पण हातांना ते खरंच असेल."

मावशींना हे पटलं नाही. पण जाताना ऋजुता एक वाक्य बोलून गेली. मावशी, तुमच्यानंतर हा हात कुणाकडे जाणार, असं तिनं विचारलं. पुढचे चार दिवस तो प्रश्न मावशींच्या डोक्यातून गेला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी होकार कळवला.

ऋजुतानं त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं होतं, ते असं. आपण वस्तूला हात लावतो असं आपल्याला वाटतं, पण मेंदूला वस्तू कधी भेटतच नाही. कातडीखाली अगदी बारीक संवेदक असतात, काही दाबाचे, काही ताणाचे, काही ऊन-गाराचे, काही वेदनेचे. ते विजेचे ठोके पाठवतात आणि मज्जातंतूंतून ते मेंदूपर्यंत पोचतात. मेंदू कवटीच्या अंधारात बसून त्या ठोक्यांवरून ठरवतो की ही लोकर, हे लोखंड, हे माणसाचं अंग. गेल्या काही वर्षांत या ठोक्यांची लिपी वाचता येऊ लागली होती, आणि वाचता येते ती लिपी लिहिताही येते. ऋजुताचा पट्टा दंडाला बांधला की आतल्या मज्जातंतूंमधली ये-जा कातडीवरूनच टिपायचा. तोच उलट चालवला की टिपलेले ठोके पुन्हा लिहायचा. लिहिताना एक अडचण यायची. हात खरोखर हवेत असतो आणि कातडी मेंदूला तसं सांगतच राहते. म्हणून पट्टा आधी कातडीकडून येणारी खरी खबर अडवायचा आणि मग आपली खबर पुढं सोडायचा.

असे चार पट्टे होते, दोन दंडांना आणि दोन मांड्यांना, कारण बाळाचं वजन पायांनाही कळायला हवं. आनंदराव म्हणाले, साठी उलटली नि दांडपट्टा खेळायला निघाली.

पहिले चाळीस दिवस ठोके टिपण्यात गेले. पेठेतल्या एका सोनाराच्या सुनेला मुलगी झाली होती; घरच्यांची परवानगी घेऊन मावशी पट्टे बांधून तिला न्हाऊ घालायच्या. त्यानंतर काम ऋजुताच्या कराडातल्याच कार्यशाळेत हललं. तिथं खरं पाणी नव्हतं, तेल नव्हतं, बाळही नव्हतं. एक पाट होता आणि एक रिकामी बादली. मावशी पाय पसरून बसल्या, ऋजुतानं पट्टे चालू केले, आणि त्यांच्या नडग्यांवर सव्वातीन किलोचं ऊबदार ओझं अलगद टेकलं. त्यांनी खाली पाहिलं, तर काहीच दिसत नव्हतं. हात नेला तर बोटांना बेंबीजवळचं मऊ पोट लागलं, श्वासाबरोबर वर-खाली होणारं. मावशींच्या डोळ्यांना धार लागली. भीती वाटली म्हणून नव्हे, त्यांना फार बरं वाटलं म्हणून.

पण काम सोपं नव्हतं. यंत्रानं केलेलं बाळ पहिल्यांदा चुकीचं होतं आणि चुका फक्त मावशींनाच कळत होत्या. मान फार घट्ट होती. टाळू धडधडत होती, पण जागा अर्धा बोट मागं होती. पालथं घातल्यावर बाळ पाय पोटाशी ओढून घेतं, ते हे घेत नव्हतं. मावशी सांगत जायच्या, ऋजुता बदलत जायची, आणि मावशी पुन्हा पहिल्यापासून न्हाऊ घालायच्या. दिवसातून दहा-दहा, बारा-बारा वेळा. त्यात एक गोष्ट मात्र कधीच चुकत नसे. बादलीत हात घातला की पाणी बरोबर असे. बघायला येणाऱ्यांना चटका बसायला नको, म्हणून ऋजुतानं ते मावशींच्या हातून टिपलेल्या सगळ्यात नेमक्या उबेवर एकदाच बसवून टाकलं होतं. तिथं विसण लागत नसे.

प्रांजलला फोनवर हे कळलं तेव्हा ती घाबरली. मज्जातंतूंशी खेळणारी यंत्रं आणि आपली आई, हे तिला जुळेना. तिनं आईकडून कबूल करून घेतलं की सातवा महिना लागला की हे काम बंद करायचं. मावशी बरं म्हणाल्या. सातवा लागला तेव्हा फोनवर सांगितलंही की बंद केलंय. पण दुपारी जेवणं आटोपली, आनंदराव कलंडले, की त्या चप्पल घालायच्या आणि कार्यशाळा गाठायच्या. बाळ आता जवळजवळ पुरं झालं होतं. त्याला टाकून राहणं त्यांना जमेना. लेकीशी आपण खोटं बोललो हे मनाला टोचायचं, पण पाय पसरून बसलं आणि ते ओझं नडग्यांवर टेकलं, की टोचायचं थांबायचं.

एवढ्यात एकदा आनंदरावांनी न्हाणीतून आरडाओरडा केला होता. माझं बटाटं उकडाय ठेवलंईस काय, म्हणाले. बादली मावशींनी काढून दिली होती, हात घालून बघूनच. सोलरचं पाणी हल्ली दुपारी फारच तापतं आणि म्हाताऱ्याची कातडी नाजूक झालीय, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

नववा सरता सरता प्रांजल कराडला आली आणि फाल्गुनात तिला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी आली, नाळ पडली, आणि पहिल्या न्हाण्याचा दिवस ठरला. मावशींनी पहाटे उठून डाळीच्या पिठात साय कालवली, हळद घातली, तेल कोमट केलं. प्रांजलनं पुण्याहून एक लहानसं तापमापक आणलं होतं, पाण्यात सोडलं की रंग दाखवणारं. मावशींनी ते तिच्या हातातून हळूच काढून कोनाड्यात ठेवलं. बाळंतिणीनं उंबऱ्यावर बसून बघावं, मध्ये बोलू नये, असं त्यांनी सांगितलं. लेकीनंही ते हसून ऐकलं. आईचा हात तिला माहीत होता.

दुपारी सोलरच्या नळाखाली बादली भरली, आणि पाणी मावशींनी बघितलं. हात कोपरापर्यंत घातला, थांबल्या. पाणी इतकं बरोबर होतं की विसण मागायची गरजच पडली नाही.

पहिला तांब्या पाठीवर पडला आणि पोर किंचाळली. न्हाताना पोरं रडतात. रडू द्यावं, छाती मोकळी होते, रडून दमलं की झोप चांगली लागते, हे मावशींनी हजारो आयांना सांगितलं होतं. त्यांनी दुसरा तांब्या घातला. पाठ लाल झाली. अंग लाल झालं म्हणजे शेक चांगला बसला, हेही त्या सांगत आल्या होत्या. पाणी बाळाच्या अंगावरून त्यांच्या नडग्यांवर ओघळत होतं आणि तिथंही ते बरोबरच लागत होतं. प्रांजल म्हणाली, आई, ती वेगळंच रडतेय. मावशी म्हणाल्या, पहिल्यांदा असंच असतं, आणि तिसरा तांब्या घातला. मग प्रांजल उंबऱ्यावरून उठली आणि तिनं बाळ हिसकावून घेतलं. तेव्हा मावशींच्या बोटांना बाळाच्या पाठीवरची साल चिकटलेली होती.

दवाखान्यात बाळाला आत नेल्यावर एक नर्स बाहेर आली आणि मावशींकडे बघतच राहिली. तुमचा हात पण भाजलाय, मावशी, असं ती म्हणाली. मावशींनी हात उचलून बघितला. कोपरापर्यंत कातडी लालभडक होती आणि मनगटाशी फोड आले होते. पायांवरही तेच. त्यांना काहीच दुखत नव्हतं.

पोर वाचली. पाठीवर आणि मांड्यांच्या मागं व्रण राहणार होते, ते कायमचे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, सोलरचं पाणी होतं, माझा अंदाज चुकला, वय झालं. प्रांजलनं ते ऐकलं.  पंधरा दिवसांनी नवरा घ्यायला आला तशी बाळाला दुपट्यात गुंडाळून पुण्याला निघून गेली, आणि जाताना तिनं आईला बाळ हातात दिलं नाही.

ऋजुताला मावशींनीच सगळं सांगितलं.  दुसऱ्याच दिवशी ती त्यांना मिरजेला मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉ. मुजावर मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी समोर तीन घमेली ठेवली आणि एकेकात हात घालायला सांगितलं. मावशींनी पहिल्यात हात घातला, म्हणाल्या, बरोबर आहे. दुसऱ्यात घातला, बरोबर आहे. तिसऱ्यात घालून तेच म्हणाल्या. मग डॉक्टरांनी त्याच घमेल्यांतलं थोडं थोडं पाणी कापसानं त्यांच्या मानेला लावलं. पहिलं बर्फाचं होतं, दुसरं कोमट, आणि तिसऱ्यानं मावशी अंग चोरून मागं सरकल्या.

डॉक्टर म्हणाले, हात बधिर झाला असता तर तुम्हाला कळलं असतं. बधिरपणा जाणवतो. तुमचा हात बधिर नाही, तो उत्तर देतो, फक्त न विचारता देतो. मेंदू काटकसरी आहे. प्रत्येक खबर तो तपासत बसत नाही. आधी अंदाज बांधतो, खबर त्याच्याशी जुळते का एवढंच बघतो. चारशे-साडेचारशे तास तुम्ही बादलीत हात घातलात आणि दर वेळी पाणी बरोबरच निघालं. त्यात पट्टा कातडीची खरी खबर अडवत होता. शेवटी मेंदूनं ती खबर ऐकणंच सोडून दिलं. आता पाण्यात हात गेला की तो जुनंच उत्तर देतो, आणि तुम्हाला ते खरं वाटतं, कारण खऱ्याची जाणीव त्याच्याजवळ तेवढीच उरलीय.

हे परत येईल का, असं ऋजुतानं विचारलं. येईल बहुतेक, डॉक्टर म्हणाले, वर्ष लागेल, पण पट्ट्याला पुन्हा हात लावायचा नाही.

परतीच्या वाटेवर ऋजुतानं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं, पण ते बोलताना तिनं एकदाही मध्ये आणलं नाही. हे तिच्याविषयी सांगायलाच हवं.

"मावशी, तुम्ही म्हणाल तर मी हे आजच मोडून टाकते," ती म्हणाली. "बाळही आणि पट्टेही. काय झालं ते लोकांना सांगते."

मावशींनी बाहेरच्या उसाकडे नजर वळवली. मोडायचं म्हणजे ते पोटाशी पाय ओढणारं बाळ मोडायचं. सांगायचं म्हणजे प्रांजललाही कळणार, की सातव्यात बंद केलं म्हणालेली आई नवव्यापर्यंत चोरून जात होती, आणि त्यापायी तिच्या पोरीची पाठ गेली. अंदाज चुकला, हे कधी तरी पोटात घालता येतं. हे कोण घालणार?

"लोक धा मिंटं बसणार म्हंतीस न्हवं?" त्या म्हणाल्या. "मी चारशे तास बसले. त्यास्नी काय हुतंय. ऱ्हाऊ दे. माझं हात तेवढं तरी ऱ्हाऊ देत."

ऋजुतानं खालमानेनं गाडी सुरू केली. तिला हे उत्तर ऐकून सुटल्यासारखं वाटलं होतं आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

प्रदर्शनाचं नाव 'न्हाणं' होतं. लोक रांगा लावून गेले. पाटावर बसून मोठमोठे पुरुष रडले, असं आनंदराव मोबाइलवर वाचून दाखवायचे. सहा महिन्यांत एका कंपनीनं ऋजुताकडून ते काम घेतलं आणि घरी वापरायचे पट्टे काढले. ऋजुतानं करारात रोजची दहाच मिनिटं अशी अट घालून घेतली होती. ती अट पट्ट्याच्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली असायची.

शालनमावशींनी मात्र पट्ट्याला पुन्हा हात लावला नाही. ते सोपं नव्हतं. दुपारी जेवणं झाली की नडग्या ओझं मागायच्या. त्या उठून अंगण खरवडायच्या, दगडी पाट्यावर चटणी वाटायच्या, गार मातीत हात खुपसून बसायच्या. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, हातांना खरं काम द्या आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणाला तरी विचारून घ्या. आनंदराव हे काम इमानेइतबारे करायचे. बायकोनं हात घातलेल्या प्रत्येक भांड्यात ते आपलं बोट घालायचे आणि सांगायचे, गार, कोमट, चटका. सहा महिने मावशींना सगळं बरोबरच लागत राहिलं. दिवाळीच्या सुमारास एकदा रांजणातलं पाणी त्यांच्या बोटांना किंचित गार लागलं आणि त्या तिथंच भुईवर बसल्या. ऊन पाण्याचं मात्र अजून काही कळत नव्हतं.

पुण्याहून महिन्यातून एकदा फोन यायचा, तोही वडिलांना. पोरीचं नाव शर्वी ठेवलंय. दात आले. उभी राहते. मावशी शेजारी बसून ऐकायच्या. सुरुवातीला प्रांजलचा आवाज कसा थकलेला, तुटका असायचा. पावसाळ्यानंतर तो हळूहळू निवळत गेला. देवानंच लेकीच्या मनाला उतार दिला असं मावशींनी धरलं, आणि कशामुळे ते विचारलं नाही. फाल्गुन पुन्हा आला तेव्हा प्रांजलनं फोन आईलाच द्यायला सांगितलं. शर्वीचा पहिला वाढदिवस कराडला करू म्हणाली. आणि तिला तूच न्हाऊ घाल, आई.

मावशींनी होय म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पदर तोंडाला लावून मोठ्यानं रडल्या. वर्षभर त्यांनी दुसरं काही मागितलं नव्हतं. पाणी आपण बघायचं नाही, प्रांजललाच बघू द्यायचं, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. हाताचं काही सांगता येत नव्हतं.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी बारा वाजता मावशी न्हाणीत पाटावर बसल्या आणि त्यांनी पाय पसरले. प्रांजलनं शर्वीला त्यांच्या नडग्यांवर ठेवलं. पोर आता वर्षाची झाली होती. तिनं आजीच्या नाकाकडे बघून बोट दाखवलं आणि खुदकन हसली. मावशींनी तिला पालथं घातलं. पाठीवर व्रणांचं जाळं होतं, कुठं गुळगुळीत, कुठं वळ्या पडलेलं. त्यांनी तेल घेऊन त्यावर हात फिरवला आणि प्रत्येक वळी बोटांना कळू दिली. मला माफ कर, असं त्या मनात त्या पाठीला म्हणाल्या. लेकीला म्हणायचं अजून धाडस होत नव्हतं.

प्रांजलनं सोलरच्या नळाखाली बादली भरली, आत हात घातला आणि म्हणाली, "बरोबर आहे आई. घाल."

"तुजं ते मापायचं कुठाय?" मावशींनी विचारलं.

ते आता लागत नाही, असं प्रांजल म्हणाली. तिचा हात पाण्यातच होता आणि ती शांतपणे बोलत होती. पुण्याला गेल्यावर शर्वीच्या पाठीला हात लावायला ती धजत नसे. अंघोळ दाई घालायची, ही दाराबाहेर कानांवर हात ठेवून उभी राहायची. आपण आई आहोत की कोण, असं वाटायचं. मग एका मैत्रिणीनं ते पट्टे आणून दिले. पहिल्या दिवशी बांधले आणि बोटांना आईची बोटं कळली. बाळाची मान कशी धरायची, कुठं दाबायचं, कुठं नुसतं फिरवायचं, सगळं.

"तुझ्यावर एवढी चिडले होते, पण तिथं तूच होतीस," प्रांजल म्हणाली. "दहा मिनिटांनी माझं काय भागणार? दहा मिनिटांनी पट्टा बंद पाडणारं आतलं कुलूप मैत्रिणीच्या नवऱ्यानं काढून दिलं. शर्वी झोपली की दुपारभर बसायचे, आणि हळूहळू तिची अंघोळही मीच घालायला लागले. पुण्यात गिझर एकाच आकड्यावर लावलेला असतो, पाणी बघायला हात घालायचे आणि दर वेळी बरोबर. मग मोजायचं सोडून दिलं. माझाही हात बसला, आई."

मावशींनी शर्वीला डाव्या हातानं पोटाशी धरलं आणि उजवा हात बादलीत घातला.

तो एका झटक्यात बाहेर आला. बोटांची आग खांद्यापर्यंत गेली. वर्षभर ज्यासाठी मातीत हात घातले ते परत आलं होतं, अगदी पहिल्यासारखं, आणि बादलीत लेकीचा हात कोपरापर्यंत बुडालेला होता. पाण्याखाली कातडी लाल होत चालली होती. प्रांजलच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

मावशींनी तिचं मनगट धरून हात बाहेर ओढला. मग एका दमात सगळं सांगितलं. सातव्यात थांबले नव्हते. नवव्यापर्यंत जात होते. माझा अंदाज नव्हता चुकला, माझा हातच माझा राहिला नव्हता, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरी मी गप्प बसले. ऋजुता मोडते म्हणाली होती, मीच नको म्हटलं. "तुज्या बी हाताला आता कळंना झालंय, पोरी. पाणी उकळतंय."

 प्रांजलनं आपल्या हाताकडे पाहिलं. कोपरापासून खाली तो लालबुंद झाला होता, पण दुखत नव्हता. आई घाबरलीय, वर्षापूर्वीचं सगळं हिच्या डोळ्यांपुढं आलंय, असं तिला वाटलं असावं. तिनं दुसऱ्या हातानं आईचा खांदा थोपटला.

"नाही गं," ती समजुतीच्या सुरात म्हणाली, आणि खात्री करायला तिनं तोच हात पुन्हा बादलीत घातला.